हायर ग्रेडची मारामारी

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, पितळी भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर, सकाळी सहाच्या ठोक्याला नऊ टाइपरायटर एकदम सुरू व्हायचे. खाली कारागीर भांड्यांवर ठोके घालत, वर पोरी कागदावर. नवख्या माणसाला समजायचं नाही की भांडी कुठे घडताहेत आणि कारकून कुठे. गल्लीला मात्र या वाद्यवृंदाची सवय होती. दसऱ्याला दोन्हीकडे सुट्टी असे, तेव्हा म्हाताऱ्यांची झोप उडे.

माडीवरच्या त्या दरबाराची सम्राज्ञी म्हणजे कनकलता टीचर. वय अठ्ठावन्न, उंची पाच फुटांना जरा कमी, पाठ भिंतीला लावलेल्या फळीसारखी सरळ. घरी मराठी बोलणाऱ्या, बाजारात तमिळ बोलणाऱ्या आणि टाइप करताना इंग्रजी बोलणाऱ्या या बाईंना पूर्वजांनी ज्या लिपीत दानपत्रं लिहिली तीत सही करता येत नव्हती. पण टाइपिंगच्या सरकारी परीक्षांत इंग्रजी हायर, तमिळ हायर, दोन्ही फर्स्ट क्लास. मिनिटाला साठ शब्द. एकोणिसाव्या वर्षी तिला पाहायला कुंभकोणमची मंडळी आली होती. मुलाच्या आईनं विचारलं, "गाणं येतं का गं?" कनकलता म्हणाली, "गाणं नाही. साठ शब्द येतात." मंडळींनी केशरी शिरा संपवला आणि ती उठली, ती उठलीच. पुढे दुसरी मंडळी आली नाहीत असं नाही, पण कनकलतेला तोवर मशीन मिळालं होतं. नवरा मिळाला असता तर त्यानं रोज सकाळी सहाला हजर राहण्याची हमी दिली नसती.

मशीन आणि माडी दोन्ही तिच्या थोरल्या भावानं, शेषाद्रीनं, तिच्याबरोबर अर्ध्या भागीदारीत घेतली होती. शेषाद्री गेला तेव्हा त्याचा अर्धा भाग त्याच्या मुलाकडे, मुरलीकडे आला. मुरली सत्तावीस वर्षांचा, देखणा, गोड बोलणारा. बी.कॉम. झाला, मग चेन्नईला जाऊन सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन परतला. ते १९९९ साल. नवीन शतक उजाडताच जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी भीती तेव्हा जगाला होती, आणि त्या भीतीच्या जोरावर तंजावुरात दर आठवड्याला एक कॉम्प्युटर सेंटर उघडत होतं. जे बंद पडणार ते शिकायला एवढी गर्दी का, हे कनकलतेला कधी उमगलं नाही.

मे महिन्याच्या मध्यात मुरली माडीवर आला. हातात टेप होता. त्यानं खिडकीपासून दारापर्यंत माप घेतलं.

"काय रे, पडदे शिवतोस?" कनकलतेनं विचारलं.

"अत्त्या, बारा कॉम्प्युटर मावतात. ए.सी. लागेल. जूनच्या सात तारखेला, सोमवारी, भंगारवाला येतो. मशीनं घेऊन जाईल."

"कोणती मशीनं?"

मुरलीनं नऊ टाइपरायटरांवरून नजर फिरवली. माणूस वऱ्हाडाची पंगत मोजतो तशी.

"अस्की," तो म्हणाला. अस्की म्हणजे सगळी. तंजावरी मराठीत हा शब्द फार लाडका. अस्की जेवले, अस्की आले, अस्की गेलं.

कनकलतेच्या नऊ मशीनांवर आता पाचच पोरी उरल्या होत्या. ऑगस्टच्या परीक्षेला बसणाऱ्या त्या पाचही समोर होत्या, त्यांच्यादेखत भाच्यापुतण्यांशी वाद घालायचा नाही हा तिचा नियम. पण तिच्या मनात जे आलं ते साधं होतं आणि ते तिनं कुणालाही सांगितलं नाही. मशीनं गेली तर सकाळी सहाला उठून मी जाऊ कुठे?

आता प्रवेश विनुताचा. विनुता म्हणजे मुरलीची बहीण, सिंगापूरला दिलेली. दर उन्हाळ्यात दोन महिने माहेरी यायची. त्या खेपेला तिनं भावासाठी तळहातात मावेल असं एक खेळाचं यंत्र आणलं. एवढासा पडदा, डाव्या बाजूला चार दिशांची फुली, उजव्या बाजूला दोन बटणं. आत एकच खेळ, 'थंडर नकल्स', भाग सातवा. आठ लढवय्ये. त्यांतला एक आपण व्हायचं आणि समोर येईल त्याला बडवायचं. एक पडला की दुसरा येतो, दुसरा पडला की तिसरा. आपण पडेपर्यंत येतच राहतात. किती पाडले तेवढा आकडा. मुरली दिवसभर कट्ट्यावर बसून दोन अंगठ्यांनी त्या यंत्राचा गळा दाबल्यासारखा खेळायचा. त्याचा आकडा सतरा होता. गल्लीत त्याच्या खालोखाल सहा.

टेप गुंडाळून मुरली त्याच यंत्राशी खेळत जिना उतरत होता, तेव्हा कनकलतेनं वरून हाक मारली, वाद म्हणून नव्हे, हुकूम म्हणून.

"मुरली! मशीनं राहू देत. मी सांगते म्हणून."

मुरली हसला. त्याचं हसणं वाईट नव्हतं, फक्त सत्तावीस वर्षांचं होतं. "अत्त्या, काळ हाताचा नाही राहिला, अंगठ्याचा आहे. यात माझा आकडा मोड. अठरा पाड. मशीनं तुझी, माडी तुझी, मी गल्लीत स्टूल टाकून कॉम्प्युटर शिकवतो."

पोरी फिस्सकन हसल्या. मुरलीला वाटलं विनोद झाला. पण विनोद आणि शपथ यांत फरक कसा करायचा ते कनकलतेला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहा जूनच्या रविवारभोवती लाल गोल काढला आणि खाली लिहिलं, परीक्षा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भावाच्या घरी गेली. विनुताची दीड वर्षांची मुलगी हरिता झोपली होती, म्हणून विनुतानं यंत्राचा आवाज बंद करून ते अत्त्याच्या हातात दिलं. मुरली त्या वेळी बँकेच्या पायऱ्या झिजवत असे.

"असं धर. दोन अंगठे इथे," विनुता कुजबुजली.

कनकलता दचकली. अंगठे? अडतीस वर्षं तिनं शिकवलं होतं की अंगठ्याला एकच काम, दोन शब्दांमधली मोकळी जागा. आठ बोटं राबतात, अंगठा रिकामपण टाकतो. जो अवयव आजवर फक्त पोकळी निर्माण करत आला, त्याच्या हाती एकदम सेनापतिपद? तिनं यंत्र टेबलावर आडवं ठेवलं. खुर्ची पुढे ओढली. पाठ सरळ, कोपरं अंगाला, मनगटं किंचित उचललेली. डाव्या हाताची तीन बोटं फुलीवर, उजव्या हाताची दोन बटणांवर.

"अत्त्या, हे टाइपरायटर नाही."

"बटणं आहेत ना? मग टाइपरायटर आहे."

लढवय्या निवडायची वेळ आली. विनुतानं एक डोंगराएवढा पहिलवान दाखवला, एक तलवारवाला दाखवला. कनकलतेनं आठही चेहरे तपासले आणि वेणीवाली एक काटकुळी पोरगी निवडली.

"ही सगळ्यात कमजोर आहे!"

"हिची पाठ बघ. कोपरं बघ. बाकीचे सात पोक काढून उभे आहेत. त्यांची लोअरची परीक्षासुद्धा सुटणार नाही."

पहिल्या दिवशी तिनं शून्य पाडले. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी तिनं यंत्राबरोबर आलेली पुस्तिका वाचायला घेतली. त्यात कथानक होतं. काकानं पुतण्याचा बाप मारलेला, पुतण्या सूड घ्यायला निघालेला, मधेच कुणी मेलेला जिवंत झालेला. सात भाग झाले तरी भांडण मिटलेलं नव्हतं. कनकलतेला ते ओळखीचं वाटलं. आईकडच्या मंडळींचा पापनाशमच्या माडाच्या बागेचा दावा तिसऱ्या पिढीत चालू होता. त्यापेक्षा हे लोक बरे, एका मिनिटात निकाल तरी लावतात. पुस्तिकेच्या शेवटी डावपेचांची यादी होती. खाली, पुढे, ठोसा. मागे, मागे, लाथ. खाली, मागे, ठोसा, ठोसा.

ती यादी पाहून तिचा चेहरा उजळला. हे तर धडे होते!

त्याच दिवशी तिनं धडे टाइप करून घेतले. प्रत्येक डावाच्या वीस ओळी, मधे मोकळी जागा, खाली तारीख. ते कागद यंत्राशेजारी उभे करून ती बोटं चालवी. पहिले चार दिवस मारामारी नाही, फक्त बोटं. पडद्यावर ती वेणीवाली पोरगी समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारत राही, आणि आलेला शत्रू तिला आरामात लोळवून जाई. विनुता कपाळाला हात लावी. कनकलता शांतपणे म्हणे, "वेग नंतर. आधी ताल."

आठव्या दिवशी तिनं चार पाडले. दहाव्या दिवशी अकरा. तिच्या लढतीत राग नव्हता, घाई नव्हती. प्रत्येक ठोसा सारख्या दाबाचा. शत्रू उड्या मारत येई, किंकाळ्या फोडत असावा पण आवाज बंद होता, आणि पोरगी त्याला सरकारी पत्रासारखी व्यवस्थित निकालात काढी. तेराव्या दिवशी अठरा. चौदाव्या दिवशी एकवीस.

विनुतानं डोळे विस्फारले. "अत्त्या! मुरलीला सांगू?"

"नोको. परीक्षेआधी मार्क सांगत नसतात."

रविवारी सकाळी दहाला माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पाचही पोरी रेशमी पावडे, म्हणजे घोळदार परकर, नेसून आल्या होत्या. त्यांतली नागलक्ष्मी सगळ्यांत थोराड, लोअरला तीनदा नापास झालेली, चौथ्यांदा बसणारी. खालचे भांड्यांचे कारागीर हातोडे ठेवून वर आले. पापनाशमहून मोपेडवरून राममूर्ती आला. टाइपरायटर दुरुस्त करणारा हा गृहस्थ तीस वर्षं या नऊ मशीनांच्या पोटात तेल घालत होता, आणि आज ती वाचणार की जाणार हे ऐकायला पांढरी शुभ्र वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचं धोतर, नेसून टेबलाच्या उजव्या अंगाला मांडी घालून बसला होता. विनुता हरिताला कडेवर घेऊन दारात. रंगभूमी सज्ज होती, फक्त घंटा व्हायची बाकी होती.

मुरलीनं अंगठे मोडले, आधी स्वतः खेळून दाखवलं. तेरावर पडला. "हरकत नाही," तो म्हणाला, "माझा सतरा कायम आहे. ये अत्त्या." आणि मग, केवळ दिलदारपणानं, मागच्यांनाही मजा यावी म्हणून, त्यानं यंत्राचा आवाज पूर्ण वाढवला.

कनकलतेनं यंत्र आडवं ठेवलं. हशा पिकला.

"टीचर इस्त्री करणार बघ!" एक कारागीर म्हणाला.

पहिला पडला. दुसरा पडला. पाचवा पडला तेव्हा हसणारे गप्प झाले. नवव्याला मुरली खुर्चीच्या पाठीमागे येऊन उभा राहिला. बारावा तलवारवाला होता, त्याला मागे-मागे-लाथ या धड्यानं एका ओळीत संपवलं. कारागीर आता तोंडानं ठोके देत होते, आणि गंमत अशी की ते तिच्या बोटांच्या तालात पडत होते.

"सोळा," विनुता ओरडली. "सतरा!"

बरोबरी झाली होती. मुरलीच्या कपाळावर घाम होता, पण त्याचा आवाज चिरकला तो वेगळ्याच कारणानं. "चोखट, अत्त्या! आणखी एक!" आपण कोणाच्या बाजूनं ओरडतोय हे त्याला स्वतःलाच कळलं नसावं.

अठरावा तोच डोंगराएवढा पहिलवान. तो अर्धा झाला, पाव झाला, एका ठोशाचा उरला. फेरी संपायला दहा सेकंद राहिली. आणि फेरी संपायला दहा सेकंद राहिली की यंत्र एक सूचना देत असे. भावाच्या घरी, बाळ झोपलेलं असताना, ती सूचना कनकलतेनं कधी ऐकलीच नव्हती.

टिंग.

बिचाऱ्या यंत्राला काय ठाऊक! टाइपरायटरची ओळ संपत आली की अशीच एक घंटी वाजते. ती ऐकली की टाइपिस्टचा डावा हात विचार करत नाही. तो उठतो, डावीकडची दांडी पकडतो आणि सगळा गाडा उजवीकडे लोटून नवी ओळ सुरू करतो. अडतीस वर्षांत कनकलतेनं असे लाखो गाडे लोटले होते. डावा हात उठला. जी दांडी तिथे नव्हती तिच्यासाठी तो हवेत फिरला, आणि पूर्ण जोरानं, अत्यंत सफाईनं, डावीकडून उजवीकडे गेला.

यंत्र टेबलावरून सुटलं. हवेत एक कोलांटी घेतली आणि राममूर्तीच्या पांढऱ्या शुभ्र वेष्टीत पडलं.

"अय्यय्यो!" राममूर्तीनं ते दोन्ही हातांनी धरलं, उलटं. पडदा चालू होता. पोरगी पाठ सरळ, कोपरं अंगाला लावून उभी होती. एका ठोशाचा उरलेला पहिलवान सावकाश आला आणि त्यानं तिला मनसोक्त झोडपलं. राममूर्तीनं आयुष्यात प्रत्येक बिघडलेलं यंत्र सुरू केलं होतं, पण हे कुठून उघडतं तेच त्याला सापडेना.

आकडा सतरावर थांबला.

सगळ्यांत आधी मुरली बोलला.

"सतरा आणि सतरा. बरोबरी! बरोबरीत मशीनं राहतात. काय रे मंडळी?"

"राहतात!" मंडळी ओरडली.

"नाही," कनकलता म्हणाली.

तिनं चष्मा काढून पुसला. "अठरा म्हणालास. सतरा झाले. शिवाय परीक्षा चालू असताना यंत्र टेबलावरून खाली. लिही, नापास."

"अत्त्या, ती घंटी..."

"घंटी पेपरात होती. अभ्यासात नव्हती, हा उमेदवाराचा दोष."

"मी आवाज वाढवला ना! चूक माझी!"

"परीक्षक चुकत नसतो. लिही."

"मी नाही लिहिणार!"

"मग मी लिहिते." आणि तिनं खरोखर रजिस्टर ओढलं, आपलं नाव लिहिलं आणि पुढे तांबड्या शाईनं शेरा मारला. अडतीस वर्षं याच अक्षरात तिनं दुसऱ्यांची पोरं नापास केली होती. मग ती राममूर्तीकडे वळली. "उद्या भंगारवाला येईल. गाडे बांधून दे. वाटेत अक्षरांचे दातरे वाकतील."

"भंगारात जाताना दातरे वाकले तर काय बिघडतं, अक्का?" राममूर्ती म्हणाला.

"वाकलेलं मशीन माझ्या दारातून गेलेलं नाही."

आता जो तमाशा झाला तो तंजावूरच्या इतिहासात प्रथमच झाला असेल. जिंकलेला भाचा हरलेल्या अत्त्याच्या खुर्चीपुढे उकिडवा बसून विनवण्या करत होता की बाई, तुझी मशीनं ठेव. आणि हरलेली अत्त्या त्याला हुकूम देत होती की शब्द दिलास, उचल.

"अत्त्या, बारा नाही, सहा कॉम्प्युटर लावतो."

"बारा मापलेस."

"मला ए.सी. नको."

"मापात आहे. लाव."

मुरली हताश होऊन विनुताकडे पाहू लागला. विनुता हरिताकडे. हरिता यंत्राकडे हात पसरून रडत होती.

तेव्हा मागच्या बाकावरून नागलक्ष्मी उभी राहिली. तीनदा नापास झालेल्या माणसाला नियमावली इतरांपेक्षा जास्त पाठ असते.

"टीचर," ती म्हणाली, "नापास झालेल्याला पुढच्या खेपेला बसता येतं ना?"

कनकलतेनं लेखणी खाली ठेवली.

"तुम्हीच मला म्हणालात. फेब्रुवारीत नापास, तर ऑगस्टला बस. ऑगस्टला नापास, तर फेब्रुवारीत. मी म्हणत होते पुरे, लग्न करून टाकते. तुम्ही फॉर्म माझ्या घरी घेऊन आलात."

"तो सरकारी नियम आहे," कनकलता म्हणाली. आवाज प्रथमच एक पट्टी खाली आला होता.

"आणि टीचर, निकाल पूर्ण लागेपर्यंत परीक्षेचं केंद्र हलवता येत नाही. तेही तुम्हीच सांगितलंत. सेंटर बदललं म्हणून मी रडले होते तेव्हा."

मुरली ताडकन उठला. बुडणाऱ्याला काठ दिसला होता. "ऐकलंस अत्त्या? हे केंद्र आहे! टेबल हलता कामा नये, खुर्ची हलता कामा नये, मशीनं हलता कामा नयेत! सहा महिने!"

कनकलतेनं पाचही पोरींकडे, नऊ मशीनांकडे, वेष्टीत यंत्र धरून बसलेल्या राममूर्तीकडे पाहिलं. शब्द मोडणं तिला जमलं नसतं. पण नियम मोडणं त्याहून जमलं नसतं. दोन पहिलवान समोरासमोर आले होते आणि एकच उभा राहणार होता.

तिनं पुन्हा रजिस्टर उघडलं. 'नापास' या शेऱ्यापुढे लिहिलं, 'पुन्हा बसणार'. आणि तांबड्या शाईची बाटली बंद केली.

"उद्या सकाळी सहाला," ती पोरींना म्हणाली. "आज फार वेळ वाया गेला."

जूनअखेर विनुता सिंगापूरला परतली, आणि मुरलीनं मोठ्या आग्रहानं यंत्र तिच्या सामानात घातलं. त्याला ते नकोसं झालं होतं, असं तो सांगे. खिडकीकडच्या बाजूला त्यानं चार कॉम्प्युटर मांडले. एकोणीसशे नव्याण्णव संपलं. जगातले कॉम्प्युटर बंद पडले नाहीत, हा मुरलीचा मोठाच विजय झाला. नागलक्ष्मी चौथ्या खेपेला सेकंड क्लासात पास झाली आणि राममूर्तीनं त्या दिवशी नऊही मशीनांना फुकट तेल घातलं.

खिडकीकडे गर्दी वाढत गेली, भिंतीकडे, टाइपरायटरांपाशी, ती उतरत गेली. पाचाच्या तीन झाल्या, तिनाच्या दोन. कनकलतेनं एकही दिवस सुट्टी घेतली नाही. आणि वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, ती खिडकीकडे जाऊन गंभीरपणे विचारी, "मुरली, परीक्षेचं यंत्र आलं का?"

"नाही आलं, अत्त्या."

"मग पुढची तारीख टाक."

तो टाकी. तिसऱ्या वर्षी विनुताचं पत्र आलं. आठवा भाग निघाला होता, सातवा आता कुठल्याच दुकानात मिळत नव्हता, नव्यात बटणंही जास्त होती. मुरलीनं भीत भीत ते वाचून दाखवलं.

कनकलतेनं क्षणभर विचार केला.

"म्हणजे सिलॅबस बदलला," ती म्हणाली. "जुन्या सिलॅबसच्या उमेदवाराला आणखी दोन संधी असतात." आणि ती भिंतीकडच्या दोन पोरींकडे वळली, कारण त्यांतली एक बोटांकडे बघून टाइप करत होती.